उडत्या तबकड्यांची चौकशी

आकाशांत कांहीं चमत्कारिक दिसलें असें घरांतल्या कोणीं सांगितलें, म्हणजे ऐकणारांचे तत्काळ दोन पक्ष पडतात. एक पक्ष हात जोडतो, दुसरा हंसतो. पहिल्याला तो दैवी संकेत वाटतो, किंवा अलीकडच्या रिवाजाप्रमाणें परग्रहावरून आलेलें विमान वाटतें. दुसऱ्याला सांगणाराचे डोळे तरी बिघडलेले वाटतात किंवा डोकें तरी. एका गोष्टींत मात्र दोन्ही पक्षांची एकवाक्यता असते. सांगणाराला एकहि प्रश्न कोणी विचारीत नाहीं. किती वाजतां दिसलें, कोणत्या दिशेला, क्षितिजापासून किती उंच, किती वेळ, वारा कोणीकडचा होता, ही विचारपूस करण्याची गरज कोणालाच भासत नाहीं. कारण दोघांचाहि निर्णय आधींच झालेला असतो.

हीच विचारपूस करण्याचें काम अमेरिकेच्या वायुदलानें सुमारें बावीस वर्षें केलें. १९४८ च्या जानेवारींत तें सुरू झालें आणि १९६९ च्या डिसेंबरांत बंद झालें. शेतकरी, वैमानिक, पोलिस शिपाई, कॉलेजांतील विद्यार्थिनी, गृहिणी अशा सर्व थरांतील लोकांनीं कळविलेल्या १२,६१८ हकीकतींची नोंद या अवधींत झाली. या चौकशींतून काय निघालें हें तर जाणण्यासारखें आहेच. परंतु ती कशी चालली आणि कोठें अडखळली, यांत आपल्यासारख्या भरल्या घरांतील वाचकांनीं घेण्यासारखें अधिक आहे, असें वाटल्यावरून या महिन्यांत हा विषय घेतला आहे.

प्रकरणाचा आरंभ २४ जून १९४७ रोजीं झाला. केनेथ अर्नोल्ड नांवाचे एक व्यापारी, आग विझविण्याचीं उपकरणें विकणारे आणि आपलें लहानसें विमान स्वतः चालविणारे, वॉशिंग्टन राज्यांतील मौंट रेनिअर या हिमाच्छादित पर्वताजवळून चालले होते. त्यांना नऊ चकाकणाऱ्या वस्तु रांगेनें जातांना दिसल्या. दोन शिखरांमधलें अंतर तोडण्यास त्या वस्तूंना किती वेळ लागला हें त्यांनीं घड्याळांत पाहिलें, आणि हिशेब करून वेग ताशीं बाराशें मैलांच्या घरांत ठरविला. त्या दिवसापर्यंत सपाट उड्डाणांत ध्वनीहून अधिक वेगानें जाणारें मनुष्यधारी विमान जगांत कोणाजवळहि नव्हतें. या वस्तु कशा चालल्या होत्या असें वार्ताहरांनीं विचारिलें. बशी पाण्यावर तिरपी फेकली म्हणजे जशी टप्पे घेत जाईल तशा, असें आपण सांगितलें, हें अर्नोल्ड पुढें नेहमीं म्हणत. म्हणजे वर्णन गतीचें होतें. वर्तमानपत्रांनीं तें आकाराचें करून टाकलें, आणि ‘उडती तबकडी’ हा शब्द जन्मास आला. शब्द एकदां रूढ झाला म्हणजे तो डोळ्यांनाहि शिकवूं लागतो. त्या उन्हाळ्यांत अमेरिकेंत शेंकडों लोकांना आकाशांत उडत्या वस्तु दिसल्या, आणि त्यांपैकीं पुष्कळांना त्या तबकडीसारख्याच दिसल्या.

या बातम्यांकडे लष्करानें लक्ष कां द्यावें, असा प्रश्न आज कोणाच्या मनांत येईल. तो काळ आठवला म्हणजे उत्तर सांपडतें. महायुद्ध संपून दोनच वर्षें झालीं होतीं. जर्मनांचे व्ही-२ अग्निबाण लंडनवर पडलेले सर्वांच्या स्मरणांत होते. १९४६ सालीं स्वीडनच्या आकाशांत अज्ञात अग्निबाण दिसल्याची हाकाटी होऊन गेली होती. रशियाशीं असलेली मैत्री ओसरून वितुष्ट वाढत होतें. तेव्हां सेनापतींच्या मनांत जिज्ञासा थोडी आणि धास्ती पुष्कळ होती. जर्मन शास्त्रज्ञांच्या मदतीनें रशियानें एखादें नवें यंत्र सिद्ध केलें असल्यास तें वेळींच कळलें पाहिजे, हा त्यांचा हेतु होता. येथें एक भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पत्र लिहिणारा नागरिक विचारीत होता, “मीं पाहिलें तें काय?” वायुदल विचारीत होतें, “तें शत्रूचें आहे काय?” दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर ‘नाहीं’ असें आलें, कीं चौकशी करणाराचें समाधान होई, पहिला प्रश्न मात्र तसाच उरे. पुढील बहुतेक सर्व घोटाळ्यांचें मूळ या भेदांत आहे.

ओहायो राज्यांत डेटन शहराजवळ वायुदलाचा एक मोठा तळ आहे. तेथें हें काम चाले. चौकशीचें पहिलें नांव ‘साइन’. तिच्यांतील कांहीं अधिकाऱ्यांचें मत या वस्तु पृथ्वीबाहेरच्या असाव्यात असें बनलें होतें आणि वरिष्ठांनीं तें पुराव्याअभावीं परत पाठविलें, अशी हकीकत पुढें याच कामाचे प्रमुख झालेले कॅप्टन एडवर्ड रुपेल्ट यांनीं आपल्या १९५६ सालच्या पुस्तकांत दिली आहे. १९४९ सालीं नांव बदलून ‘ग्रज’ झालें. या शब्दाचा अर्थच आकस असा आहे, आणि काम त्या नांवास साजेसेंच झालें. प्रत्येक हकीकत खोटी धरूनच ती हातांत घेतली जाई. म्हणजे प्रारंभीं जे दोन पक्ष सांगितले, ते दोन्ही त्या एका कचेरींतच एकामागून एक होऊन गेले. रुपेल्ट यांच्याकडे कारभार आल्यानंतर १९५२ च्या मार्चमध्यें चौकशीला ‘ब्ल्यू बुक’ हें नांव मिळालें, आणि कांहीं काळ तरी खरी विचारपूस सुरू झाली. ‘तबकडी’ हा शब्द टाकून ‘अज्ञात उडती वस्तु’ हें निर्विकार नांव रूढ करण्यांतहि रुपेल्ट यांचा हात होता. नांवांतच उत्तर गृहीत धरूं नये, हा विवेक त्यांत दिसतो.

कामाची पद्धति अशी होती. हकीकत आली म्हणजे पाहणाराकडे एक लांबलचक प्रश्नपत्रिका जाई. दिवस, वेळ, दिशा, उंची, रंग, आवाज, आकाश निरभ्र होतें कीं अभ्राच्छादित, वस्तु कशाच्या आड गेली काय, ती स्थिर होती कीं हालत होती, हें सर्व भरून द्यावयाचें. चित्र काढावयाचें. आकाराविषयींचा प्रश्न तर फारच मार्मिक होता. वस्तु किती फूट लांब होती असें विचारण्याऐवजीं, हात लांब करून धरलेल्या कोणत्या पदार्थाएवढी ती दिसली, असें विचारीत: टांचणीच्या डोक्याएवढी, वाटाण्याएवढी, नाण्याएवढी, कीं चेंडूएवढी? कारण अंतर ठाऊक असल्यावांचून खरा आकार डोळ्याला कळत नाहीं. जवळचा काजवा आणि दूरचा दिवा काळोखांत सारखेच दिसूं शकतात. पत्रिका भरून आली म्हणजे त्या वेळीं त्या भागांत कोणतीं विमानें होतीं, हवामानखात्यानें फुगे सोडले होते काय, कोणता ग्रह कोठें होता, हें ताडून पाहत. ग्रहताऱ्यांचें काम जे. ॲलन हायनेक या ज्योतिर्विदांकडे होतें. १९४८ पासून शेवटपर्यंत ते या कामाचे सल्लागार होते.

या ताडणींतून जीं उत्तरें निघालीं तीं बहुधा साधींच होतीं. शुक्र, गुरु आणि तेजस्वी तारे, उल्का, विमानें आणि त्यांचे दिवे, फुगे, क्वचित् पक्ष्यांचे थवे. शुक्राला शत्रूचें विमान समजणारा मनुष्य मूर्ख असतो असें मात्र कोणीं समजूं नये. चंद्राखालोखाल आकाशांत सर्वांत तेजस्वी तोच. क्षितिजाजवळ असतां हवेच्या चाळवाचाळवीनें तो लाल-हिरवा लुकलुकतो. काळोखांत एकाच दिव्याकडे टक लावून पाहिलें, तर डोळ्याच्या धर्मामुळें तो स्थिर दिवाहि हालल्यासारखा वाटतो. आणि आपण गाडींत बसून चाललों असतां तो आपल्या मागोमाग येत आहे असा भास होतो. जसा लहान मुलांना चंद्र आपल्याबरोबर चालतो असें वाटतें तसाच. चांगले अनुभवी वैमानिकहि या ग्रहाच्या पाठीस लागल्याचीं उदाहरणें आहेत.

तथापि साधें उत्तर हें नेहमींच खरें उत्तर असतें असें नाहीं, आणि घाईनें दिलेलें साधें उत्तर किती महाग पडतें याचें एक करुण उदाहरण या दप्तरांत आहे. ७ जानेवारी १९४८ रोजीं केंटकी राज्यांतील नागरिकांनीं, आकाशांत एक मोठी गोल वस्तु दिसत असल्याचें पोलिसांस कळविलें. पोलिसांनीं तें गॉडमन येथील विमानतळास कळविलें. त्या वेळीं तेथून जाणाऱ्या विमानांच्या तुकडीस वस्तु पाहून येण्यास सांगण्यांत आलें. तुकडीचे नायक कॅप्टन थॉमस मँटेल पंचवीस वर्षांचे होते. विमानांत प्राणवायूची सोय नव्हती, तरी ते वर वर चढत गेले; विरळ हवेंत त्यांची शुद्ध हरपली असावी; विमान कोसळून ते मरण पावले. वायुदलानें प्रथम सांगितलें, कीं ते शुक्राचा पाठलाग करीत होते. भर दुपारीं शुक्र एवढा ठळक दिसत नाहीं, हें लोकांना पटवून देण्यास कोणा पंडिताची गरज नव्हती. पुढें कांहीं वर्षांनीं जें अधिक संभवनीय उत्तर निघालें तें असें, कीं ती वस्तु म्हणजे बहुधा ‘स्कायहुक’ नांवाचा अतिशय मोठा फुगा होता. हे फुगे आरमाराच्या गुप्त कामाचे होते. त्यांची माहिती ना मँटेल यांना होती, ना त्या तळावरच्या अधिकाऱ्यांना. नागरिकांनीं वस्तु पाहिली होती हें खरें, ती मोठी, गोल आणि चकाकती होती हेंहि खरें. खोटें ठरलें तें सरकारचें पहिलें उत्तर.

रॉस्वेलची कथाहि याच जातीची आहे. १९४७ च्या जुलैंत न्यू मेक्सिको राज्यांत एका कुरणावर पडलेले तुकडे लष्करानें उचलले, आणि उडती तबकडी हातीं लागली असें स्वतःच जाहीर केलें. लगेच शब्द फिरवून तो हवामानाचा फुगा होता असें सांगितलें. १९९४ सालीं वायुदलानें खुलासा केला, कीं तो ‘मोगल’ नांवाच्या गुप्त योजनेंतील फुग्यांचा सांगाडा होता. रशियाच्या अणुस्फोटांचा आवाज उंच आकाशांतून टिपण्याची ती योजना होती. म्हणजे फुगा म्हणणें निव्वळ असत्य नव्हतें. तें अर्धसत्य होतें. परंतु त्या अर्धसत्याच्या उरलेल्या अर्ध्या जागेंत लोकांच्या कल्पनेनें परग्रहवासीयांचीं प्रेतें आणून ठेविलीं, आणि सत्तेचाळीस वर्षांनीं सांगितलेलें पूर्ण सत्य त्यांना तेथून हालवूं शकलें नाहीं. १९५५ पासून यू-२ हीं टेहळणीचीं विमानें साठ हजार फुटांहून वर उडूं लागलीं, तेव्हांहि असेंच झालें. मावळल्यानंतरहि सूर्याचे किरण त्यांच्यावर पडून तीं झळकत. चौकशीच्या कचेरींत त्यांची माहिती असली, तरी ती पत्र लिहिणारास सांगण्याची सोय नव्हती.

१९५२ हें या चौकशीचें सर्वांत गर्दीचें वर्ष. त्या एका वर्षांत १,५०१ हकीकती आल्या. जुलै महिन्यांत लागोपाठच्या दोन आठवड्यांच्या अखेरीस खुद्द राजधानीवर, वॉशिंग्टन शहरावर, रडारच्या पडद्यावर अनोळखी ठिपके उमटले आणि कांहीं वैमानिकांना दिवेहि दिसले. २९ जुलै रोजीं मेजर जनरल सॅमफर्ड यांनीं वार्ताहरांस बोलावून सांगितलें, कीं उष्ण हवेचा थर थंड हवेवर बसला म्हणजे रडारच्या लहरी वांकतात आणि जमिनीवरच्याच वस्तु आकाशांत असल्यासारख्या भासतात. मृगजळाचेंच हें भावंड. लोक थोडे शांत झाले. सरकार मात्र अधिक चिंतातुर झालें. चिंता अशी, कीं उद्यां खरेंच शत्रूचें विमान आलें आणि त्याच वेळीं तबकड्यांच्या हजारों बातम्यांनीं तारायंत्रें तुंबून गेलीं, तर काय करावें?

म्हणून १९५३ च्या जानेवारींत सी. आय. ए. या हेरखात्यानें एच. पी. रॉबर्टसन या भौतिकशास्त्रज्ञाच्या अध्यक्षतेखालीं एक लहान मंडळ बसविलें. या वस्तूंपासून राष्ट्राला प्रत्यक्ष धोका दिसत नाहीं, असा त्याचा अभिप्राय पडला. लोकांना शिक्षण देऊन या विषयाभोंवतीं जमलेलें गूढतेचें वलय काढून टाकावें, ही सूचना रास्तच होती. परंतु त्याबरोबरच हौशी मंडळांवर नजर ठेवावी असेंहि त्यानें सुचविलें, आणि अहवाल गुप्त राहिला. त्याच वर्षीं वायुदलाचा एक नियम निघाला, कीं ज्या प्रकरणांचा उलगडा झाला तींच लोकांस सांगावीं. न उलगडलेलीं सांगूं नयेत. शाळेंतल्या कोणत्याहि पोराला विचारा, कीं मास्तर सोडविलेलीं गणितेंच दाखवितात आणि न सुटलेलीं लपवितात, हें कळल्यावर तुझा मास्तरांवर विश्वास राहील काय? तो काय म्हणेल हें सांगावयास नको.

विश्वास कसा उडाला तें १९६६ च्या मार्चमध्यें दिसून आलें. मिशिगन राज्यांत डेक्स्टर गांवाजवळ एका शेतकरी कुटुंबानें आणि दुसऱ्या दिवशीं हिल्सडेल कॉलेजच्या वसतिगृहांतील अनेक मुलींनीं दलदलीच्या बाजूस विचित्र दिवे पाहिले. हायनेक तेथें गेले. थोड्याच दिवसांत वार्ताहरांच्या गर्दींत उभे राहून त्यांनीं सांगितलें, कीं दलदलींत कुजलेल्या पालापाचोळ्याचा वायु पेटून असे दिवे दिसणें शक्य आहे. शास्त्रदृष्ट्या ही कल्पना अगदींच टाकाऊ नव्हती. कोंकणांतील आपल्या वाडवडिलांनीं अशाच हालत्या दिव्यांना वेताळाची पालखी म्हटलें आहे. परंतु ‘शक्य आहे’ हे शब्द गळून पडले आणि ‘दलदलीचा वायु’ एवढेच वर्तमानपत्रांत राहिले. सगळ्या देशांत हंशा पिकला. कांहीं लोक सरकारला हंसले, कांहीं त्या शेतकऱ्याला आणि त्या मुलींना. पुढें राष्ट्राध्यक्ष झालेले जेरल्ड फोर्ड तेव्हां त्या राज्याचे प्रतिनिधि होते. आमच्या लोकांना याहून बरें उत्तर मिळालें पाहिजे, असा आग्रह त्यांनीं धरला, आणि कायदेमंडळाच्या समितीपुढें सुनावणी झाली.

त्यानंतर वायुदलानें कोलोरॅडो विद्यापीठांतील भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड काँडन यांच्याकडे स्वतंत्र चौकशी सोंपविली. आजवरच्या अभ्यासांतून विज्ञानांत भर पडलेली नाहीं आणि पुढेंहि पडण्याचा संभव कमी, असा त्यांच्या मोठ्या ग्रंथाचा निष्कर्ष १९६९ च्या प्रारंभीं प्रसिद्ध झाला. त्याच्या आधारानें १७ डिसेंबर १९६९ रोजीं ब्ल्यू बुक बंद झाल्याचें जाहीर झालें. शेवटचे निष्कर्ष तीन होते. एक, कोणतीहि वस्तु राष्ट्राच्या सुरक्षिततेस घातक ठरली नाहीं. दोन, आजच्या विज्ञानाच्या पलीकडचें कांहीं आढळलें नाहीं. तीन, त्या वस्तु परग्रहावरच्या असल्याचा पुरावा नाहीं. १२,६१८ पैकीं ७०१ प्रकरणें, म्हणजे शेंकडा सुमारें साडेपांच, उलगडलीं नाहींत. १९६४ सालीं न्यू मेक्सिकोंतील सोकोरो गांवीं एका पोलिस शिपायानें जमिनीवर उतरलेली अंडाकृति वस्तु आणि मागाहून जळकीं झुडपें पाहिलीं, तें प्रकरण यांपैकींच. सगळें दप्तर पुढें राष्ट्रीय अभिलेखागारांत लोकांसाठीं खुलें झालें.

आतां या ७०१ चें काय करावयाचें? येथें आपल्या जुन्या न्यायशास्त्राची मदत घेण्यासारखी आहे. संध्याकाळच्या अंधुक उजेडांत दूरचा खुंट पाहून ‘हा खुंट कीं माणूस?’ असें मनांत येणें, याला शास्त्रकार संशय म्हणतात. दोरीला साप समजून ओरडणें, याला विपर्यय म्हणतात. दोन्ही अयथार्थ ज्ञानाचेच प्रकार. पण त्यांची योग्यता सारखी नाहीं. संशय प्रामाणिक असतो; तो पुढें जाऊन पाहण्यास प्रवृत्त करतो. विपर्यय तेथेंच थांबतो. ७०१ प्रकरणें हीं संशयाच्या कोटींतलीं आहेत. ‘उलगडलें नाहीं’ याचा अर्थ ‘परग्रहावरून आलें’ असा करणारा विपर्ययांत पडतो. आणि ‘उलगडलें नाहीं’ याचा अर्थ ‘कांहीं नव्हतेंच’ असा करणारा त्याच खड्ड्यांत दुसऱ्या कांठानें पडतो. कांहीं प्रश्नांपुढें उत्तराची जागा कोरी ठेवावी लागते. ती कोरी ठेवण्यास शिकणें ही बुद्धीची मोठी शिस्त आहे.

दुसरी गोष्ट आप्तवाक्याची. ज्यानें वस्तु प्रत्यक्ष जाणली आणि जी जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. न्यायसूत्रांवरील भाष्यांत वात्स्यायनांनीं हें लक्षण ऋषि, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेंच लागू केलें आहे. साक्षीची किंमत सांगणाराच्या पदवीवरून ठरत नाहीं, असा याचा अर्थ. मिशिगनचा शेतकरी या लक्षणांत बसत होता. त्यानें जें पाहिलें तें सांगितलें. परंतु पाहिलेलें सांगणें निराळें आणि पाहिलेल्यावरून अनुमान करणें निराळें. ‘मला लाल दिवा दिसला’ ही साक्ष. ‘मला यान दिसलें’ हें अनुमान. साक्षीचा मान ठेवावा, अनुमान तपासावें. ब्ल्यू बुकच्या उत्तम दिवसांत हेंच झालें. आणि जेव्हां चौकशी करणारानेंच जाणलेलें लपविलें, तेव्हां आप्तपणाचें लक्षण शेतकऱ्याकडे राहिलें आणि सरकारकडून सुटलें.

या चुकीची किंमत त्या राष्ट्राला पुढें मोजावी लागली. हंसें होईल या भीतीनें वैमानिक गप्प बसूं लागले. २०२१ च्या जूनमधील अमेरिकेच्या सरकारी अहवालांत १४४ हकीकती विचारांत घेतल्या होत्या, त्यांपैकीं एकीचाच खात्रीनें उलगडा झाला होता: तो हवा गेलेला मोठा फुगा होता. पाहणारांना वाटणारी लाज हाच माहिती गोळा होण्यांतला एक मोठा अडथळा आहे, असें त्याच अहवालांत नमूद आहे. ज्या लष्करानें एके काळीं हंसण्यास हातभार लावला, त्याच लष्कराला आतां आपल्या माणसांस ‘न लाजतां सांगा’ अशी विनवणी करावी लागते. २०२२ सालीं यासाठीं नवी कचेरी निघाली. २०२४ च्या मार्चमध्यें तिनें जुनीं दप्तरें पुन्हा चाळून, परग्रहावरील यानाचा पुरावा कोठेंहि सांपडत नाहीं, असें कळविलें.

असे प्रसंग आपल्या देशांतहि येतात, आणि त्यांतले दोन येथें सांगण्यासारखे आहेत. २०१२ च्या ऑगस्टपासून पुढच्या फेब्रुवारीपर्यंत लडाखच्या सरहद्दीवरील जवानांनीं आकाशांत तेजस्वी वस्तु दिसल्याच्या ३२९ नोंदी केल्या. चिनी टेहळणीयंत्रें असावींत असा वहीम होता. सैन्यानें बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांना विचारिलें. त्यांनीं वस्तूंची दिशा, उंची आणि ताऱ्यांच्या मानानें होणारी हालचाल नोंदविण्यास लावली; आणि २०१३ सालीं प्रसिद्ध झालें, कीं त्या वस्तु म्हणजे गुरु आणि शुक्र होते. जवानांनीं पाहिलें तें खरें होतें. पहारेकऱ्यानें संशय येतांच कळविणें हेंच त्याचें कर्तव्य. उत्तर आलें तें नीट विचारलेल्या प्रश्नांतून.

दुसरा प्रसंग २ एप्रिल २०२२ चा, गुढीपाडव्याच्या संध्याकाळचा. विदर्भांत आणि आसपास हजारों लोकांनीं आकाशांतून जळत जाणाऱ्या रेघा पाहिल्या. कोणी उल्का म्हणाले, कोणाला विमान पेटल्याचा संशय आला. चंद्रपूर जिल्ह्यांत, सिंदेवाही तालुक्यांतील लाडबोरी गांवीं धातूचें एक मोठें कडें येऊन पडलें. चिनी अग्निबाणाचा एक टप्पा पृथ्वीवर परत येतांना जळून त्याचे हे अवशेष पडले असावेत, असा खगोलज्ञांनीं निर्वाळा दिला. या खेपेस सांगणाराला वेडा म्हणण्याची सोय नव्हती, कारण कडें प्रत्यक्ष पडलेलें होतें. परंतु तें गांवीं न पडतां अरण्यांत पडलें असतें, तर ‘मीं आगीच्या रेघा पाहिल्या’ म्हणणाऱ्या एकट्यादुकट्या गुराख्याच्या पोराला आपण काय म्हटलें असतें?

या प्रश्नाचें उत्तर वायुदलानें द्यावयाचें नसून घरांतल्या वडील माणसांनीं द्यावयाचें आहे. आतां कृत्रिम उपग्रहांच्या रांगा दिव्यांच्या माळेसारख्या आकाशांतून जातात. लग्नसमारंभांत कागदी आकाशदिवे सोडतात. बिनमाणशीं लहान विमानें गांवोगांवीं उडतात. तेव्हां गच्चीवरून धांवत येणारा नातू उद्यां तुमच्या घरींहि ‘आजोबा, मीं कांहींतरी पाहिलें’ असें म्हणेल. त्या वेळीं हंसूं नये आणि लगेच उत्तरहि देऊं नये. त्याच्याबरोबर गच्चीवर जावें. कोठें दिसलें तें बोटानें दाखविण्यास सांगावें. हात पुढें ताठ करून मूठ धरली म्हणजे ती आकाशाचे सुमारें दहा अंश झांकते आणि करंगळी सुमारें एक अंश; पूर्ण चंद्र अर्ध्या अंशाचाच असतो. या मापानें क्षितिजापासून उंची आणि वस्तूचा आकार त्याच्याकडून काढवून घ्यावा. घड्याळांतली वेळ, दिसण्याचा अवधि, वाऱ्याची दिशा, आवाज, हें त्यानें स्वतःच्या हातानें कागदावर उतरवावें. आणि तें इतर भावंडांशीं बोलण्यापूर्वीं उतरवावें, कारण चारचौघांत बोललें कीं एकाचें पाहिलेलें दुसऱ्याच्या स्मरणांत मिसळतें. दुसरें मूल पाहणारें असल्यास त्याचा कागद निराळा करावा. मग पंचांग उघडून शुक्र-गुरु कोणत्या राशींत आहेत, उदयास्त केव्हां, तें दोघांनीं मिळून पाहावें.

बहुतेक वेळां उत्तर सांपडेल, आणि तें त्या मुलानेंच शोधलेलें असेल. एखाद्या वेळीं सांपडणार नाहीं. तेव्हां कागदावर तारीख घालून खालीं ‘उलगडा झाला नाहीं’ एवढेंच लिहावें आणि तो जपून ठेवावा. ज्या घरांत असा एखादा कागद निःसंकोच ठेवतां येतो, त्या घरांतलें मूल पुढें शाळेंत, परीक्षेंत किंवा व्यवहारांत कांहीं विपरीत घडलें तरी पाहिलें तसें सांगण्यास भिणार नाहीं. आणि वडिलांनाहि, आपल्याला ठाऊक नाहीं तें ठाऊक असल्याचा आव आणण्याची पाळी येणार नाहीं.